कबड्डीच्या गावचा फुटबॉल संघ

संपादक मंडळाचं म्हणणं असं की दरवर्षी आपल्या मासिकात ‘आमची गौरवशाली क्रीडा परंपरा’ छापाचा एक लेख येतो आणि तो फक्त लेखकाचा रूम पार्टनर वाचतो. तेव्हा यंदा सीझन सुरू व्हायच्या आधीच फुटबॉल टीमची ओळख करून द्यावी, म्हणजे मॅच बघायला चार टाळकी तरी जमतील. काम माझ्या गळ्यात पडलं. एक तर मी टीममध्ये लेफ्ट बॅकला खेळतो, आणि दुसरं म्हणजे केमिकलच्या पोरांना जर्नल लिहून लिहून लिखाणाची सवय असते असा इथे एक गैरसमज आहे.

आधीच सांगतो, या लेखात टीममधल्या कोणाचंही नाव नाही. फायनल यादी गणपतीनंतरच्या ट्रायलला ठरणार आणि हे पान त्याआधी छपाईला जाणार. एकदा नाव छापून आलं की त्याला बाहेर बसवणं सरांना अवघड, आणि ज्याचं राहिलं त्याला मेसमध्ये तोंड दाखवणं मला अवघड. शिवाय नाव आलं की लोक पार्टी मागतात. तेव्हा ब्रँच, वर्ष आणि जागा यावरून ओळखून घ्या. हॉस्टेलवाल्यांना ते काही कठीण नाही.

आता मुद्द्यावर येतो. टीमचा विषय निघाला की सगळे पहिला प्रश्न विचारतात, "यंदा स्ट्रायकर कोण?" माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा. पहिला प्रश्न असा की ही पोरं लहानपणी काय खेळून आली? कारण यंदा सरावाला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण रोहा, धाटाव, कोलाड, पेण या पट्ट्यातले आहेत. म्हणजे हाडाचे कबड्डीवाले. आपल्या टीमची ताकद आणि आपल्या टीमचा घोळ, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

मी स्वतः धाटावचा. बाहेरच्या माणसाला धाटाव म्हटलं की एमआयडीसी, केमिकलच्या कंपन्या आणि वारा फिरला की नाकात शिरणारा वास एवढंच आठवतं. आम्हाला आठवतं ते संध्याकाळचं मैदान. पहिली पाळी सुटली की कंपनीतली माणसं सायकली लावून कडेला उभी राहणार, पोरं चुन्याच्या रेषा मारणार आणि अंधार पडेपर्यंत चढाया. दिवाळीनंतर तर रायगडात कुठल्या ना कुठल्या गावात रात्री लाइट लावून स्पर्धा चालूच असतात. फुटबॉल आमच्याकडे आला तो बराच उशिरा आणि टीव्हीवरून. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यातल्या काही मॅचेस नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत्या. म्हणजे जगातली पोरं आपल्याच रेल्वे लाइनच्या पुढच्या टोकाला येऊन खेळून गेली. तेव्हा आमच्या आळीत पहिल्यांदा कोणीतरी खरा फुटबॉल विकत आणला. त्याआधी होता तो प्लास्टिकचा, वाऱ्याबरोबर कुंडलिकेपर्यंत जाणारा.

कबड्डीतून फुटबॉलला आलेल्या पोराला नक्की काय अडतं हे समजायला एक सोपं गणित करू. (मासिक इंजिनिअरिंगचं आहे, एक तरी गणित हवं.) कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. आपल्या वाट्याचं अर्धं, म्हणजे ६५ चौरस मीटर, आणि त्यात सात जण. डोई नऊ चौरस मीटरच्या आसपास, हॉस्टेलच्या आपल्या खोलीएवढी जागा. फुटबॉलचं मैदान १०० बाय ६४ धरलं तर ६,४०० चौरस मीटर आणि बावीस जण. डोई २९० चौरस मीटर! म्हणजे जो पोरगा आयुष्यभर हात लांब केला की सोबती सापडेल अशा जागेत खेळला, त्याला अचानक एवढ्या मोकळ्या रानात सोडून दिलं. तो काय करणार? तो बॉलकडे धावणार. सगळेच बॉलकडे धावणार. गेल्या वर्षी आपण पहिल्याच फेरीत घरी आलो त्यात समोरच्या टीमचं कौतुक थोडं आणि या सवयीचा वाटा मोठा होता.

आता जागेनुसार बघू. सुरुवात बचावापासून करतो, कारण ती माझी जागा आहे आणि लेख मी लिहितोय.

आपले दोन सेंटर बॅक, एक मेकॅनिकल थर्ड इयर आणि एक सिव्हिल फायनल इयर, दोघंही शाळेपासून कबड्डीत कोपऱ्याला उभे राहिलेले. कोपरारक्षकाचं सगळं आयुष्य चढाई करणाऱ्याचे पाय बघण्यात जातं. पाय आत आला की घोटा धरायचा किंवा पट काढायचा, आणि एकदा गेलो की गेलो, मागे बघायचं नाही. कबड्डीत हे बरोबर आहे, कारण पाठोपाठ सहा जण अंगावर पडायला तयार असतात. फुटबॉलमध्ये पाठोपाठ असतो तो फक्त गोलकीपर, आणि तो ओरडत असतो.

म्हणून सरांनी जूनपासून या दोघांना एकच गोष्ट शिकवली, ‘न जाणं’. ऐकायला विचित्र वाटेल. समोरचा बॉल घेऊन आला की दीड-दोन मीटरवर थांबायचं, अंग थोडं तिरकं ठेवायचं, पावलं बारीक टाकत मागे सरकायचं आणि त्याला मैदानाच्या मधून कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. हात लावायचा नाही. रेषा हा आपला बारावा गडी, कारण तिच्यापलीकडे तो जाऊच शकत नाही. आणि नजर? नजर त्याच्या पायावर ठेवायचीच नाही. पाय फसवतात. बॉलवरून पाय फिरवून हूल दिली की कबड्डीवाला हमखास त्या बाजूला झेपावतो, कारण चढाईत हललेला पाय खरा असतो. फुटबॉलमध्ये खरा फक्त बॉल. मेकॅनिकलवाल्याने हे महिनाभरात उचललं. सिव्हिलवाला अजूनही दर सरावात एकदा तरी कुणाचा तरी पट काढतोच. आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलपासून साडेसोळा मीटरच्या आत, असं झालं की थेट पेनल्टी. कबड्डीत आऊट झालेला गडी निदान पुढच्या पकडीला जिवंत होऊन आत येतो. इथे लाल कार्ड मिळालं की जिवंत होणं नाही, उरलेल्या मॅचभर दहाच जण.

पण याच दोघांकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या टीम्सना शिकवून येत नाही. साखळी! कबड्डीत दोघा-तिघांनी हात धरून एकत्र पुढे-मागे व्हायचं असतं, एकाने ओढलं की दुसऱ्याला कळतं. आमची चौघांची बॅक लाइन तीच साखळी, फक्त हात सोडून आठ-दहा मीटर लांब उभी. एक पुढे सरकला की चौघांनी सरकायचं, म्हणजे समोरचा स्ट्रायकर मागे उरतो आणि ऑफसाइडमध्ये सापडतो. ऑफसाइड ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी (हॉस्टेलमध्ये हे कबूल कोणी करत नाही, पण संख्या मोठी आहे): आपला गडी बॉल पुढे मारतो त्या क्षणी, समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, तुम्ही बॉलच्याही पुढे असाल आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर तुम्ही ऑफसाइड जागेवर. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो म्हणून तो धरून दोन मोजायचे. अगदी रेषेत असाल तर चालतं, ही सवलत १९९० पासून आहे. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यावर ऑफसाइड नाही. बस, एवढंच आहे. मॅच बघताना बाजूच्याला समजावून सांगा आणि भाव खा.

राइट बॅकला आयटीचा सेकंड इयर आहे. धावतो भरपूर, परत यायचं विसरतो. लेफ्ट बॅकबद्दल मी बोलणं बरं नव्हे.

आता खरी काळजी. गोलकीपर. गेली तीन वर्षं जो होता तो पास आऊट होऊन नोकरीला लागला, त्याचं अभिनंदन आणि आमची पंचाईत. जागेसाठी दोघं आहेत आणि हॉस्टेलचे सरळ दोन पक्ष पडलेत. पहिला ईएनटीसीचा, व्हॉलीबॉलवाला, सहा फूट दोन इंच. दुसरा धाटावचाच, पाच फूट सात इंच, कबड्डीत डाव्या कोपऱ्याला खेळायचा.

उंचीवाला घ्या असं म्हणणं सोपं आहे. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, जवळपास १८ चौरस मीटरचा पडदा. पेनल्टी ११ मीटरवरून. सेकंदाला २५ मीटर वेगाने मारलेला बॉल ०.४४ सेकंदात पोचतो, आणि डोळ्याने बघून स्नायूला हुकूम जाण्यातच त्यातले ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात ज्याचे हात लांब तो जास्त झाकणार, हे उघड आहे. पण आपल्या पातळीवर मॅचमध्ये पेनल्टी किती येतात? त्यामानाने समोरचा एकटा बॉल घेऊन आत घुसलाय असे प्रसंग चिक्कार येतात. तिथे कोपऱ्याला खेळलेल्या पोराचं अंग आपोआप चालतं: झेप कधी घ्यायची, जमिनीलगत कसं जायचं, समोरच्याच्या पायात पडायची भीती नसणं. व्हॉलीबॉलवाला हवेतला बॉल सुंदर घेतो, खाली वाकताना मात्र त्याचा लिफ्टच्या दरवाज्यासारखा वेळ लागतो. आणि आपल्याकडे सप्टेंबर संपेपर्यंत बॉल हवेत कमी, चिखलात जास्त असतो. माझं मत धाटाववाल्याला. गावचा म्हणून मी त्याची बाजू घेतो असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

दोघांनाही एक नवा नियम पाठ करायला लावलाय. गोलकीपरने हातात बॉल धरून ठेवण्याची मर्यादा पूर्वी सहा सेकंद होती, पण रेफ्री ती क्वचितच लावायचे. २०२५-२६ च्या नियमावलीपासून ती आठ सेकंद झाली आणि शिक्षा बदलली. आठच्या वर गेलात की समोरच्यांना सरळ कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून मोजून दाखवतो. तीस सेकंदांच्या चढाईत वाढलेल्या पोराच्या डोक्यात घड्याळ असतंच, त्यामुळे धाटाववाला याची फिकीर करत नाही. व्हॉलीबॉलवाला बॉल हातात आला की आधी सगळ्यांना नीट उभं करायला लागतो. आणखी एक, आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही. हा नियम १९९२ पासूनचा आहे, तरी आपल्या प्रेक्षकांतून दरवर्षी "अरे उचल ना" अशी आरोळी येतेच. कृपया येऊ देऊ नका. मागे एकदा एकाने ऐकलं होतं.

मधल्या फळीत यंदा खरी मजा आहे. कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला कोल्हापूरचा एक पोरगा आलाय. कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्रातलं फुटबॉलचं माहेर. तिथल्या टीम्सची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा! म्हणजे जिथे लाल मातीत पैलवान घुमायचे त्याच पेठांनी फुटबॉलच्या टीम काढल्या, आणि शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की शहराचं कामधाम थंडावतं. २०१७ च्या त्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तेव्हा मातीतल्या खेळाची पोरं फुटबॉलला चालत नाहीत असं जे आपले काही मुंबईकर म्हणतात, त्यांना मी कोल्हापूर दाखवतो. कुस्तीच्या मातीतून होऊ शकतं तर कबड्डीच्या मातीतून का नाही? फक्त त्यांना बऱ्याच पिढ्या मिळाल्या आणि आपल्याला मिळतात चार वर्षं, त्यातली दोन सबमिशनमध्ये जातात.

हा कोल्हापूरचा काय वेगळं करतो तर बॉल यायच्या आधी मान फिरवून मागे बघतो. एवढंच. आम्ही बाकीचे बॉल आल्यावर विचार करायला लागतो, त्याचा विचार तोवर झालेला असतो. त्या २९० चौरस मीटरचं काय करायचं हे आमच्यात त्याला एकट्याला कळतं. त्याच्याविरुद्ध एकच तक्रार, पाणी साचलेल्या मैदानावरही तो जमिनीलगत छोटे पास देतो. रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो रे बाबा, भाताची चिकणमाती आहे ही! बॉल डबक्यात गपकन थांबतो आणि दोन्ही टीम्स त्याच्याकडे बघत राहतात.

त्याच्या शेजारी खेळतो तो आपल्या टीमचा, माझ्या मते, सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, आता थर्ड इयर केमिकल. हा कोलाडकडचा आणि कबड्डीत चढाईचा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मधल्या फळीचा खेळाडू मॅचला दहा-बारा किलोमीटर धावतो. याचं कोणी मोजलेलं नाही, पण मॅच संपल्यावर उभा राहून बोलू शकणारा आपल्यात हाच एक. दम कुठे राखायचा, कधी सोडायचा हे चढाईत शिकलेला माणूस आहे. समोरच्यांचा बॉल तुटला की पहिली तीन पावलं याची असतात. त्याच्याबद्दल आणखी लिहायचंय, शेवटी लिहितो.

कडेचे दोघं, डावीकडे इलेक्ट्रिकल आणि उजवीकडे पुन्हा सिव्हिल. वेगवान आहेत, क्रॉस कुठे जाईल ते वाऱ्यावर.

आणि हो, स्ट्रायकर. खरं सांगायचं तर नाही. म्हणजे गोल मारण्याची हौस असलेले सहा आहेत, स्ट्रायकर नाही. सरांच्या डोक्यात असं आहे की सेंटर बॅक मेकॅनिकलवाल्याला पुढे खेळवून बघायचं. यावर मेसमध्ये बरीच हसाहशी झाली. हसणाऱ्यांनी २०२४ चा ‘मैदान’ सिनेमा बघितला असेल तर आठवावं. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपला मुख्य डिफेंडर जर्नेल सिंग याला डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात नेहमीसारखं हेडिंग करणं त्याला अवघड होतं. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर बसवण्याऐवजी सेंटर फॉरवर्डला खेळवलं. सेमी फायनलमध्ये दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल मारला. फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध परत मारला, दुसरा पी. के. बॅनर्जीचा, आणि भारताने २-१ ने सुवर्णपदक जिंकलं. त्याच फायनलला आपल्या गोलमध्ये उभा होता पीटर थंगराज, जो स्वतः सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होता! म्हणजे पुढचा मागे आणि मागचा पुढे. अर्थात रहीमसाहेबांनी हे केलं कारण प्रत्येक खेळाडूला काय येतं हे त्यांना बारकाईने माहीत होतं. आपला मेकॅनिकलवाला हेडर चांगला मारतो, अंग घालून बॉल राखतो आणि मागे गेल्यावर सिव्हिलवाला एकटा काय करेल हा प्रश्न आहेच. ट्रायलला बघू.

बेंचवर फर्स्ट इयरचे चौघं आहेत. शूज घ्यायची घाई करू नका रे. फायनल इयरवाले जाताना आपले स्टडवाले शूज हॉस्टेलच्या माळ्यावर टाकून गेलेत, मापाचे शोधा. यंदा लेडीज हॉस्टेलच्या सात जणी पण नियमित सरावाला येतात. सात म्हणजे कबड्डीची टीम पूर्ण आणि फुटबॉलची अर्ध्याहून थोडी जास्त. आणखी चौघी आल्या तर पुढच्या वर्षी या पानावर दोन लेख लागतील, आणि त्यांचा लेख त्यांनीच लिहावा.

आता शेवटचं, आणि हे विशेषतः प्राध्यापकांसाठी. आपल्या मॅचेस कामाच्या दिवशी असतात. मॅचला गेलेल्याचं प्रॅक्टिकल बुडतं, बुडालेलं प्रॅक्टिकल भरून काढायला वेगळा स्लॉट मिळत नाही, आणि महिन्याच्या शेवटी डिफॉल्टर लिस्टमध्ये अर्धी फुटबॉल टीम असते. हजेरीत सूट कोणी मागत नाहीये. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते, तेव्हा एक बॅच लावून दिलीत तरी पुरे. खेळाडू स्वतः लॅब झाडून ठेवतील, हे मी सगळ्यांना विचारून लिहितोय.

ज्याच्याबद्दल शेवटी लिहीन म्हटलं तो मधल्या फळीतला माझ्या वर्गातला पोरगा, त्याचं एम-थ्री राहिलंय. डिप्लोमावाल्यांचं गणित फर्स्ट इयरला होतच नाही, आल्या आल्या एम-थ्री अंगावर येतं, हे तुम्हाला माहीत आहे. वडील कॉन्ट्रॅक्टवर कामाला आहेत, ईअर डाऊन झालं तर घरी परवडणार नाही. त्याने सरांना सांगून ठेवलंय की या वेळी नाही निघालं तर खेळ बंद. पेपर आणि आपली पहिली मॅच यात दहाच दिवसांचं अंतर आहे.

लॅप्लास आम्ही शिकवतोय, फुरिए आमच्याच्याने होत नाही. रात्री नऊ ते साडेदहा तो रीडिंग हॉलच्या शेवटच्या टेबलावर बसतो. ज्यांना एम-थ्रीत चांगले मार्क आहेत त्यांनी आठवड्यातून एक रात्र जरी यावं. चहा टीमकडून.